धुराड्यातला वायू जमिनीच्या पोटात

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आमच्या लहानपणी घरात कोळशाची शेगडी होती. महिन्याला एक पोतं कोळसा यायचा आणि त्या पोत्याची राख व्हायची जेमतेम एक बादली. तीही भांडी घासण्यात संपायची. एकदा मी आजीला विचारलं, 'एवढं मोठं पोतं आणि राख एवढीशीच? बाकीचा कोळसा गेला कुठे?' आजी म्हणाली, 'जळून गेला.' पुढे शाळेत गुरुजींनी सांगितलं की, जळून गेला म्हणजे नाहीसा झाला नव्हे, तो हवेत गेला.

आज जगभरात ज्या हवामानबदलाची चर्चा चालू आहे तिच्या मुळाशी हाच 'बाकीचा' कोळसा आहे. त्याचा हिशेब थोडा चमत्कारिक आहे. कोळशातला कार्बन जळतो तेव्हा त्याला हवेतला प्राणवायू चिकटतो. बारा किलो कार्बन बत्तीस किलो प्राणवायू घेतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. सोयीसाठी आपण त्याला कर्बवायू म्हणू. म्हणजे जळून गेलेली वस्तू जळण्याआधीपेक्षा साडेतीन पटींहूनही जड होते! आपल्याकडच्या वीजकेंद्रांत वापरला जाणारा कोळसा राखाळ असतो, त्यात कार्बन कमी. तरीही त्याच्या एका किलोमागे दीड किलोच्या आसपास कर्बवायू धुराड्यातून बाहेर पडतो. चंद्रपूरच्या वीजकेंद्रात जेवढ्या वाघिणी कोळसा जातो, त्याच्या धुराड्यातला वायू वाघिणींत भरून परत न्यायचा म्हटलं, तर वजनाच्या हिशेबानं परतीच्या वाघिणी जास्त लागतील.

हा वायू हवेत न सोडता पकडायचा, दाबून घट्ट करायचा आणि जिथून कोळसा, तेल आणि वायू काढले त्या जमिनीच्या पोटातच पुन्हा गाडायचा, अशी एक योजना आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'सीसीएस' म्हणतात. आंतरराष्ट्रीय हवामान मंडळानं, म्हणजे 'आयपीसीसी'नं, २००५ साली तिच्यावर एक खास अहवाल काढला. तेव्हापासून दर हवामान परिषदेत हिचं नाव निघतं. काहींच्या मते हा रामबाण उपाय आहे, तर काहींच्या मते कोळसा कंपन्यांची निव्वळ धूळफेक. माझ्या मते दोन्ही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत. कुठे कोणती खरी, ते पाहणं महत्त्वाचं.

आधी वायू पकडायचा कसा, ते पाहू. धुराड्यातून निघतो तो सगळाच काही कर्बवायू नसतो. कोळशाच्या केंद्रात त्याचं प्रमाण शेकडा बारा ते चौदा. बाकीचा मुख्यतः नत्रवायू, जो आपल्याला नको. दाण्यातून खडे निवडावेत तशी ही निवड करावी लागते आणि त्यासाठी 'अमाइन' नावाची रसायनं वापरतात. धूर एका उंच टाकीतून वर जातो आणि वरून अमाइनचं पाणी पावसासारखं पडत असतं. कर्बवायू तेवढा त्या पाण्याला चिकटतो, बाकीचे वायू निसटून जातात. मग ते पाणी दुसऱ्या टाकीत नेऊन सुमारे १२० अंशांपर्यंत तापवलं की कर्बवायू सुटा होतो आणि अमाइन पुन्हा कामाला मोकळं. हे तंत्र काही नवीन नाही. रॉबर्ट बॉटम्स यांनी त्याचं पेटंट १९३० साली घेतलं होतं. नैसर्गिक वायू शुद्ध करायला ते आजही वापरतात.

मेख आहे ती त्या तापवण्यात. त्याला वाफ लागते आणि नंतर वायू दाबायला वीज लागते. केंद्रात तयार होणाऱ्या विजेचा पाचवा ते चौथा हिस्सा यातच खर्ची पडतो. गावाला पूर्वीइतकीच वीज द्यायची तर आणखी कोळसा जाळायचा, मग त्याचाही वायू पकडायचा. रोगाच्या औषधानं भूक वाढावी, तसं हे आहे.

आता साठवण. एक टन कर्बवायू साध्या हवेच्या दाबाला सुमारे ५४० घनमीटर जागा व्यापतो. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा खोल्या धरल्या, तर एकोणीस खोल्या. पण हाच वायू जमिनीखाली आठशे मीटरपेक्षा खोल गेला की तिथल्या दाबानं आणि उष्णतेनं त्याची घनता जवळपास द्रवाइतकी होते. मग तो एक टन दीड घनमीटरात मावतो. पाण्याच्या दीड हजार लिटरच्या टाकीएवढी जागा. म्हणून तर गाडण्याची कल्पना सुचली. जमिनीखाली पोकळ गुहा नसतात. असतो तो वाळूचा खडक, स्पंजासारखा, आणि त्याच्या छिद्रांत हजारो वर्षं मुरलेलं खारं पाणी. त्यात हा वायू शिरवायचा. वर मात्र चिकणमातीच्या घट्ट खडकाचं झाकण हवं. नाहीतर वायू पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे वर सरकत राहणार.

याची सर्वांत जुनी पाहण्याजोगी जागा नॉर्वेच्या समुद्रात आहे. उत्तर समुद्रातल्या स्लाइपनर इथल्या विहिरीतून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत शेकडा नऊपर्यंत कर्बवायू मिसळलेला असतो आणि गिऱ्हाईक तर अडीच टक्क्यांहून जास्त घेत नाही. तो वेगळा करणं भागच होतं. दुसरी कंपनी असती तर तो सरळ हवेत सोडून मोकळी झाली असती. पण नॉर्वेनं १९९१ साली कर्बवायूवर कर बसवला होता, टनामागे सुमारे पन्नास डॉलर. कंपनीनं हिशेब केला. कर भरण्यापेक्षा गाडणं स्वस्त! १९९६ पासून समुद्रतळाखाली आठशे ते हजार मीटरवरच्या 'उत्सिरा' नावाच्या वालुकाश्मात वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास कर्बवायू सोडला जाऊ लागला. पुढे विहिरींचं उत्पादन घटलं तसं हे प्रमाणही उतरलं.

तो वायू तिथेच राहिला का? शास्त्रज्ञ दर काही वर्षांनी समुद्रावरून ध्वनिलहरी सोडून खडकाचं चित्र काढतात, डॉक्टर सोनोग्राफी करतात त्याच धर्तीवर. त्या चित्रांत वायू एकावर एक अशा नऊ थरांत पसरलेला दिसतो. आणि वरचं झाकण शाबूत आहे. तीन वर्षांतच तो सर्वांत वरच्या थरापर्यंत पोचला, हे मात्र आधी कुणी ओळखलं नव्हतं. नॉर्वेच्याच स्नोविट इथे २००८ साली दुसरी साठवण सुरू झाली, तिथे खडकातला दाब अपेक्षेपेक्षा लवकर चढला आणि २०११ साली दुसऱ्या थराकडे वळावं लागलं. जमीन म्हणजे काही रिकामी बरणी नव्हे. प्रत्येक ठिकाणचा खडक आपल्या स्वभावानं वागतो.

स्लाइपनरची एक गंमतही सांगायला हवी. तिथे गाडला जातो तो फक्त वायूत मुळातच मिसळलेला कर्बवायू. उरलेला शुद्ध वायू युरोपात जातो, घराघरांत जळतो आणि त्यातून होणारा कर्बवायू हवेतच जातो.

'हा वायू एके दिवशी बाहेर आला तर?' हा प्रश्न माझ्या व्याख्यानांत हमखास येतो आणि तो विचारणाऱ्याला मी हसत नाही. कर्बवायू हवेपेक्षा दीडपट जड आहे. तो जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागी साचला तर माणसाला श्वास मिळत नाही. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरलेली माणसं गुदमरतात, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. आफ्रिकेत कॅमेरून देशातल्या न्योस सरोवराच्या तळाशी ज्वालामुखीतून आलेला कर्बवायू पाण्यात विरघळून साठला होता. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो एकदम उसळला आणि आसपासच्या खेड्यांतली सुमारे १,७०० माणसं झोपेतच गेली. गुरं तर किती गेली! अर्थात सरोवरातलं पाणी आणि हजार मीटर खोलीवरचा झाकणबंद खडक यांत फरक आहे. खडकातून वायू एकदम उसळण्याचा संभव फार कमी. धोका जास्त आहे तो वाहून नेणाऱ्या नळांचा. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या सटार्शिया गावाजवळ फेब्रुवारी २०२० मध्ये अतिवृष्टीनं दरड खचली आणि कर्बवायूचा नळ फुटला. दोनशेच्या आसपास माणसं हलवावी लागली, ४५ जणांवर रुग्णालयात उपचार झाले. प्राणवायू नसल्यामुळे वाचवायला निघालेल्यांच्या मोटारीही बंद पडल्या. सुदैवानं कुणी दगावलं नाही.

तंत्र जमतं, जागाही सापडतात. मग घोडं कुठे अडलं? पैशाशी. गाडलेला वायू विकत घेणारा कुणी नाही. घेतात ते फक्त तेलवाले, तेही जुन्या विहिरीत तो घुसवून तळाशी चिकटलेलं तेल बाहेर काढण्यासाठी. आज जगात पकडल्या जाणाऱ्या कर्बवायूचा मोठा हिस्सा याच कामी जातो. म्हणजे एक वायू गाडायचा आणि त्याच्या मदतीनं दुसरा वायू करणारं तेल वर आणायचं. टेक्सासमधल्या पेट्रा नोव्हा इथे २०१७ पासून कोळशाच्या केंद्रातला वायू असा तेलासाठी जात होता. २०२० साली तेलाचे भाव कोसळले आणि पकडण्याचं यंत्र बंद. पुन्हा सुरू झालं २०२३ मध्ये. मिसिसिपीतल्या केंपर काउंटीचं 'स्वच्छ कोळशा'चं केंद्र मूळ अंदाजाच्या दुपटीहून जास्त, साडेसात अब्ज डॉलरच्या घरात गेलं आणि २०१७ साली कोळशाचा नादच सोडून दिला. कॅनडातलं बाउंडरी डॅम २०१४ पासून चालू आहे, पण ठरवलेल्या वर्षाला दहा लाख टनांपर्यंत ते सहसा पोचत नाही. ऑस्ट्रेलियातल्या गॉर्गनची गोष्टही तीच. परवानगी मिळताना ऐंशी टक्के वायू गाडण्याची अट होती, सुरुवातच २०१९ उजाडेपर्यंत लांबली आणि लक्ष्य हुकलं.

या सगळ्याची बेरीज करा. जगातली अशी सर्व केंद्रं मिळून वर्षाला सुमारे पाच कोटी टन वायू पकडू शकतात. आणि आपण माणसं कोळसा, तेल, वायू जाळून आणि सिमेंट करून हवेत सोडतो तो वर्षाला ३,७०० कोटी टनांहून अधिक, म्हणजे दिवसाला दहा कोटी टन. पहिली केंद्रं सुरू झाल्याला कित्येक वर्षं लोटल्यावर पकडण्याची वार्षिक ताकद आहे ती अवघ्या अर्ध्या दिवसाच्या धुराएवढी. उरलेले तीनशे साडेचौसष्ट दिवस तसेच. म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की, 'आज कोळशाची नवी केंद्रं उभारू, वायू पुढे पकडता येईल', तेव्हा मला धुळफेकीचा संशय येतो. विजेसाठी सूर्य आहे, वारा आहे आणि त्यांची वीज आता स्वस्तही झाली आहे. जे टाळता येतं ते आधी करून मग गाडण्याचा खटाटोप कशाला?

पण टाळता न येणारा कर्बवायूही असतो. त्याचं ठळक उदाहरण म्हणजे सिमेंट. चुन्याची भट्टी पाहिलेल्यांना हे चटकन कळेल. चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून छप्पन्न किलो चुना मिळतो आणि चव्वेचाळीस किलो कर्बवायू उडून जातो. तो कोळशातून नव्हे, दगडातूनच निघतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवा नाहीतर आणखी कशावर, दगडातला वायू निघणारच. सिमेंट कारखान्याच्या कर्बवायूत निम्म्याहून अधिक वाटा या दगडाचा असतो. भारत हा सिमेंट करणारा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा देश आहे आणि आपल्याला घरं, पूल, धरणं अजून बांधायची आहेत. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना, गडचांदूर भागात तर चुनखडीवर कारखानेच कारखाने उभे आहेत. त्यांना 'सूर्याकडे जा' एवढं सांगून भागत नाही.

इथे सीसीएसला खरं काम आहे आणि त्याची सुरुवातही झाली. नॉर्वेतल्या ब्रेविक इथल्या सिमेंट कारखान्यात जून २०२५ मध्ये वायू पकडण्याच्या यंत्रणेचं उद्घाटन झालं. वर्षाला चार लाख टन, म्हणजे कारखान्याच्या निम्म्या वायूची सोय. तापवण्यासाठी तिथे भट्टीतलीच वाया जाणारी उष्णता वापरतात, हे शहाणपणाचं. पकडलेला वायू थंड करून द्रव करतात, जहाजात भरतात आणि बर्गनजवळच्या ऑयगार्डन बंदरात नेतात. तिथून शंभर किलोमीटर लांब नळानं तो समुद्रात जातो आणि तळाखाली २,६०० मीटरवर मुरतो. पहिला वायू ऑगस्ट २०२५ मध्ये सोडला गेला. खर्चाचा मोठा वाटा नॉर्वे सरकारनं उचलला आहे. तेलावर श्रीमंत झालेल्या देशाला हे परवडतं.

आपलं काय? आपल्याकडे उत्तर समुद्रासारखा वालुकाश्म हाताशी नाही. पण महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली काळा पाषाण आहे, म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर, आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले. आणि या खडकाचा एक गुण असा की, तो कर्बवायूला नुसता कोंडत नाही, त्याचा दगड करतो.

विहीर खणताना काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरे, चमकदार स्फटिक सापडतात. सरसकट गारगोटी म्हणून आपण ते घरी आणतो. सिन्नरला त्यांचं एक सुंदर संग्रहालयच आहे. त्यांतले काही कॅल्साइटचे असतात. त्याची पूड करून लिंबू पिळलं तर बारीक फेस येतो. तो फेस म्हणजे फार प्राचीन काळी त्या दगडात अडकलेला कर्बवायू. पाण्यात विरघळलेला कर्बवायू आम्ल होतो, काळ्या पाषाणातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह विरघळवतो आणि त्यांच्याशी मिळून नवा दगड बनतो. तो पुन्हा उडून जाण्याची धास्ती नाही.

निसर्गाला याला पुष्कळ वेळ लागत असेल अशी समजूत होती. आइसलँडमध्ये हेलिशेदी इथे २०१२ साली कर्बवायू पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला गेला. दोन वर्षांच्या आत त्याचा पंच्याण्णव टक्के भाग दगड झाला होता! २०१६ साली हे 'सायन्स' मासिकात छापून आलं तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात वालूला इथे २०१३ साली पाणी न मिसळता हजार टनांच्या आसपास वायू बेसाल्टमध्ये सोडला आणि दोन वर्षांनी काढलेल्या खडकाच्या नमुन्यांत नवे स्फटिक सापडले. तो बेसाल्टही आपल्यासारखाच, लाव्ह्याच्या पुरानं बनलेला. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या खडकाचा या दृष्टीनं अभ्यास केला आहे आणि २०२२ साली मुंबईच्या आयआयटीत या विषयाचं राष्ट्रीय केंद्र स्थापन झालं.

हे ऐकून हुरळून जाण्याआधी पाण्याचा हिशेब करावा. आइसलँडच्या पद्धतीत एक टन कर्बवायू विरघळवायला सुमारे पंचवीस टन पाणी लागतं. हजार मेगावॉटचं कोळशाचं केंद्र वर्षभर साठ टक्के क्षमतेनं चाललं तर पन्नास लाख टन कर्बवायू सोडतं. गुणाकार केला तर पाणी लागतं साडेबारा कोटी घनमीटर, म्हणजे साडेचार टीएमसीच्या आसपास. खडकवासला धरणात मावतं ते दोन टीएमसीहून किंचित कमी. एका केंद्रासाठी वर्षाला दोन खडकवासले! तेही विदर्भ-मराठवाड्यात, जिथे उन्हाळ्यात टँकर फिरतात. समुद्राचं पाणी चालेल का, हे आइसलँडवाले तपासत आहेत. कोकण किनाऱ्याला त्याचा उपयोग होऊ शकेल. वालूलाची बिनपाण्याची रीत आपल्याला अधिक जवळची, पण तिला वर भक्कम झाकण हवं, आणि आपला पाषाण ठिकठिकाणी भेगाळलेला आहे.

त्या भेगांतच आपल्या खेड्यांचं पिण्याचं पाणी आहे. वायू सोडायचा तो आठशे मीटरच्या खाली आणि बोअर जाते ती दोनशे-तीनशे मीटरपर्यंत, हे खरं. पण मधल्या पाचशे मीटरांत कोणत्या भेगा कुठवर जातात, हे त्या-त्या गावाच्या खडकात भोकं पाडून, वर्षानुवर्षं विहिरींचं पाणी तपासूनच कळेल. ती तपासणी वायू सोडण्याच्या आधी सुरू व्हायला हवी आणि तिचे आकडे गावातल्या लोकांना ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वाचता यायला हवेत.